पाव मिलिव्होल्टचा आवाज

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत इंटरनेट अजूनही टीव्हीच्या केबलमधूनच येतं. गच्चीवरून खिडकीच्या कडेने उतरलेली काळी तार, हॉलमध्ये शोकेसच्या मागे एक स्प्लिटर (एका तारेच्या अनेक वाटा करणारी पेटी) आणि त्यापुढे मॉडेम. कंपनीने दिलेला मॉडेम बराच जुना झाला होता. म्हणून मे महिन्यात, त्यांच्याकडे चालणाऱ्या मॉडेलांची यादी विचारून मी स्वतःचा मॉडेम विकत घेतला आणि तो हॉलऐवजी मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत लावला. तिथे टीव्हीसाठी ओढलेली एक तार रिकामीच पडून होती. प्लॅन १०० मेगाबिटचा. पहिल्या रात्री वेग मोजला तर २८.

"आई, जुनाच बरा होता," मुलगा म्हणाला. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, मॉडेम तुमचा आहे. आमच्याकडून लाइन ओके दाखवतंय."

सगळा दोष नव्या मॉडेमवर आला. पण मी त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या, मॉडेम आणि त्याची जागा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन बदलल्या, तर कशामुळे काय झालं हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोजायचं ठरवलं.

पहिलं काम म्हणजे वायफाय बाजूला काढणं. जुन्या इमारतींच्या जाड भिंती, शेजारच्या दहा घरांचे राउटर आणि २.४ गिगाहर्ट्झचा अरुंद पट्टा, ज्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीनच बसतात (१, ६ आणि ११), यांमुळे वेग पडणं अगदी साधी गोष्ट आहे. लॅपटॉप तारेने थेट मॉडेमला जोडला की हा प्रश्न मिटतो. इथे ती छोटी तारही तपासून घ्यावी. गिगाबिटच्या जोडणीला तारेतल्या चारही जोड्या लागतात. त्यातली एक तुटली, तर यंत्रं गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. ज्यांचा प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि वेग मात्र रोज न चुकता ९३-९४ च्या आसपास अडतो, त्यांनी आधी ही तार बदलून पाहावी. आमची तार धड होती. थेट जोडूनही वेग २८ ते ३५.

दुसरी तपासणी मॅक क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाची. केबल मॉडेम सुरू होतो तेव्हा आधी कंपनीच्या टोकाला बसलेल्या सीएमटीएस नावाच्या यंत्राचा शोध घेतो, त्याच्याशी वेळ आणि सिग्नलची पातळी जुळवतो आणि मग एक छोटी फाइल उतरवून घेतो. तुमचा प्लॅन किती वेगाचा हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. नव्या मॉडेमचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत चुकीच्या प्लॅनला जोडला गेला, तर तार कितीही चांगली असली तरी वेग त्या आकड्याच्या वर जात नाही. अशा वेळी वेग एकाच आकड्यावर टिच्चून बसतो. आमचा मात्र वर-खाली होत होता. म्हणजे अडचण फाइलीत नव्हती, तारेत होती.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की बहुतेक केबल मॉडेम आपलं माहितीचं पान उघडून देतात. लोक ते क्वचितच पाहतात, याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण मॉडेमला काय ऐकू येतंय ते त्याने तिथे स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. आमच्या पानावर आठ वाहिन्यांचा, म्हणजे तारेतून येणाऱ्या सिग्नलच्या आठ पट्ट्यांचा, तक्ता होता. प्रत्येकीपुढे पातळी उणे ११ ते उणे १३ डीबीएमव्ही. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ३१ डेसिबलच्या आसपास (डेसिबल हे पटीतला फरक मोजणारं एकक). उलट दिशेने, म्हणजे मॉडेमकडून कंपनीकडे जाणारी पातळी ५२ डीबीएमव्ही. आणि शेवटच्या रकान्यात 'दुरुस्त न झालेले' असा एक आकडा, पान ताजं केलं की दर वेळी वाढलेला.

डीबीएमव्ही हे एकक समजायला सोपं आहे. शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट. उणे १२ म्हणजे त्याचा पाव हिस्सा. आणि अधिक ५२ म्हणजे जवळजवळ ४०० मिलिव्होल्ट. आमचा मॉडेम पाव मिलिव्होल्टची कुजबुज कान देऊन ऐकत होता आणि उत्तर देताना तिच्या सोळाशेपट आवाजात ओरडत होता. या मॉडेमांचं डॉक्सिस नावाचं मानक अमेरिकेतल्या केबललॅब्ज या संस्थेने १९९७ मध्ये पुढे आणलं. त्यानुसार मॉडेमला उणे १५ ते अधिक १५ पर्यंतचा सिग्नल चालायला हवा. काठावरचा सिग्नल चालतो, पण त्याला सुखाने चालणं म्हणत नाहीत. तंत्रज्ञ उणे ७ ते अधिक ७ मध्ये आकडा दिसला की निश्चिंत होतात.

पण सिग्नल कमजोर झाला तर वेग का पडावा? बिट तर शून्य आणि एकच असतात ना?

तारेतून शून्य-एक सुटे सुटे जात नाहीत. रांगोळीचे ठिपके आठवा. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा, असे २५६ ठिपके. मॉडेमसाठी प्रत्येक ठिपका म्हणजे लहरीची एक ठरावीक उंची आणि एक ठरावीक कला, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते. २५६ ठिपक्यांपैकी कोणता पाठवला एवढ्यानेच एका झटक्यात आठ बिट पोहोचतात. ६ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत असे ठिपके सेकंदाला त्रेपन्न लाखांहून अधिक वेळा मांडले जातात, म्हणून तिच्यातून साधारण ३८ मेगाबिट मिळतात. युरोपीय पद्धतीच्या ८ मेगाहर्ट्झच्या वाहिनीतून साधारण ५०. (परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मॉडेम मागवण्याआधी आपल्या कंपनीची पद्धत कोणती ते जरूर विचारा. दोन्हींच्या वाहिन्यांची रुंदी वेगळी असते.) मॉडेम अशा चार, आठ, सोळा वाहिन्या एकदम ऐकतो. ठाणे ते दिवा रेल्वेची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा रुळावरची गाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली नाही, रूळ वाढले. वाहिन्यांचंही तेच.

आता हेच ठिपके थरथरत्या हाताने काढले तर? गोंगाट म्हणजे ती थरथर. ठिपका आपल्या जागेवरून थोडा सरकला तर मॉडेम समजून घेतो. शेजारच्या ठिपक्याच्या जवळ गेला, तर चुकीचा वाचतो. २५६ ठिपके नीट वाचायला सिग्नल गोंगाटापेक्षा किमान ३० डेसिबलने, म्हणजे हजारपट शक्तिशाली असावा लागतो, आणि सिग्नल आमच्याइतका क्षीण असेल तर ३३ ने. आमच्याकडे ३१. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्येच या मर्यादेचं गणित मांडलं होतं. पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाचं प्रमाण ठरलं की त्यातून किती बिट बिनचूक जाऊ शकतात हेही ठरतं. नवा मॉडेम आणला म्हणून ते गणित बदलत नाही.

काही चुका मॉडेम स्वतःच सुधारतो. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली संकेतपद्धत इथे वापरली जाते. युरोपीय पद्धतीत २०४ बाइटच्या गठ्ठ्यात १८८ बाइट माहितीचे आणि १६ तपासणीचे असतात. त्यांच्या जोरावर गठ्ठ्यातले ८ बाइट चुकले तरी मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. नासाच्या व्हॉयेजर यानांनी दूरच्या ग्रहांचे फोटो पाठवले त्यांनाही याच संकेतांचा आधार होता, आणि ओरखडा पडलेली सीडी वाजते ती याच कुळातल्या संकेतांमुळे. पण नऊ बाइट चुकले की गठ्ठा गेला. 'दुरुस्त न झालेले' हा आकडा अशा गठ्ठ्यांचा.

आता खरी मेख. शंभरात एक गठ्ठा हरवला तर वेग एक टक्का पडेल असं वाटतं. तसं होत नाही. इंटरनेटवर माहिती पाठवणारा संगणक गठ्ठा पोहोचला नाही की तो पुन्हा पाठवतो, पण त्याबरोबर रस्त्यावर गर्दी झाली असं समजून आपला वेगही एकदम आवरता घेतो, जुन्या पद्धतीत तर थेट निम्म्यावर आणतो, आणि मग हळूहळू वाढवत नेतो. १९८० च्या दशकात इंटरनेट गर्दीने कोलमडू लागलं, तेव्हा ही सवय जाणीवपूर्वक लावली गेली. संगणकतज्ञ व्हॅन जेकबसन यांचा त्याविषयीचा प्रसिद्ध निबंध १९८८ चा. गर्दी असेल तेव्हा ही सवय सगळ्यांना तारते. पण गठ्ठा गर्दीने गेला की गंजक्या जोडाने, हे बहुतेकदा पाठवणाऱ्याला ओळखता येत नाही. तो बिचारा वेग वाढवतो, गठ्ठा हरवतो, पुन्हा मागे येतो. १०० चे २८ असे होतात.

मग सिग्नल कुठे गळत होता? शोकेस पुढे ओढली. जुना मॉडेम तारेवर पहिल्या जागी होता, दोनच तोंडं असलेल्या छोट्या स्प्लिटरनंतर. नव्या खोलीकडे जाणारी तार मात्र त्याच्याही पुढच्या, चार तोंडांच्या दुसऱ्या स्प्लिटरमधून निघत होती. एके काळी घरात तीन टीव्ही होते, तेव्हाची ती व्यवस्था. स्प्लिटर सिग्नल वाढवत नाही, वाटतो. चार वाटे केले की प्रत्येकाला पाव शक्ती (व्होल्टमध्ये निम्मा सिग्नल) मिळते, म्हणजे ६ डेसिबल कमी, आणि पेटीतली गळती धरून ७ किंवा थोडं जास्त. शिवाय त्याची दोन तोंडं उघडीच होती. केबलची प्रतिबाधा, म्हणजे लहरीला ती दाखवते तो अडथळा, ७५ ओहमची. तोंड उघडं असेल तर तिथवर गेलेली लहर परत फिरते आणि मूळ लहरीत मिसळते. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचं टोपण बसवलं की ती शोषली जाते. हे टोपण अगदी स्वस्त मिळतं, आणि तरी घरोघरी तोंडं उघडी दिसतात.

चार तोंडांचा स्प्लिटर काढला, तार सरळ जोडली, पिना हाताने फिरवून वर पान्याने हलकेच आवळल्या. पान पुन्हा उघडलं. पातळी उणे ५. गुणोत्तर ३६. मॉडेमचं ओरडणं ५२ वरून ४५ वर, म्हणजे व्होल्टमध्ये निम्म्याहूनही कमी. वेग ९४. मॉडेम तोच.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन दिवसांत वेग पुन्हा ढासळला. या वेळी तक्ता वेगळा दिसत होता. खालच्या वारंवारितेच्या वाहिन्या जवळजवळ पूर्वीइतक्याच, वरच्या मात्र पाच-सहा डेसिबलने खाली. तारेत पाणी शिरल्याची ही ओळखीची खूण. ओल्या केबलमध्ये उंच वारंवारितेच्या लहरी जास्त झिजतात. त्या तक्त्याचा फोटो कंपनीला पाठवला, आणि या वेळी 'लाइन ओके' असं कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आले. मी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले. आमच्या तारेचा गच्चीवरचा जोड चिकटपट्टी सुटून उघडा पडला होता आणि त्यातून हिरवट पाणी आलं. मधली तांब्याची तार काळी पडलेली, बाहेरची जाळी गंजून विरलेली.

"ही जाळी गेली ना मॅडम, की सगळा कचरा आत येतो," ते म्हणाले, "आणि मग अख्ख्या लाइनला त्रास."

ते शब्दशः खरं आहे. बाहेरची जाळी ही केबलची ढाल. ती फाटली की मिक्सरच्या मोटारीचा, एलईडी दिव्यांच्या स्वस्त ॲडॅप्टरचा, वेल्डिंगचा रेडिओ-गोंगाट आत शिरतो, आणि त्याचा मुख्य जोर खालच्या पट्ट्यात असतो. मॉडेमकडून कंपनीकडे जाणारा संदेश नेमका तिथूनच जातो. अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५. येताना सिग्नल एका ठिकाणाहून घरोघरी फाकत जातो, त्यामुळे एका घरातला बिघाड बहुधा त्याच घरात राहतो. जाताना मात्र पावसाळ्यात गल्लीतल्या पन्हाळ्या एका नाल्याला मिळाव्यात तशा सगळ्या घरांच्या तारा एकत्र येतात, आणि प्रत्येक घरातला गोंगाट एकमेकांत मिसळून कंपनीच्या कानावर पडतो. तो वाढला की तिथलं यंत्र ६४ ठिपक्यांच्या रांगोळीऐवजी १६ ठिपक्यांची मागतं. एका झटक्यातल्या सहा बिटांचे चार होतात, सगळ्यांचेच.

तंत्रज्ञांनी हातभर तार कापून टाकली, नवी पिन दाबून बसवली, वर रबराची टोपी चढवली. मग जोडाच्या अलीकडे तारेला खाली झोका दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी जोडाकडे न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकेल. मी वहीत आकडे टिपत होते. वरच्या वाहिन्या परत जागेवर. रात्री दहाला वेग अजूनही ७० पर्यंत उतरतो, कारण त्या वेळी अख्खी गल्ली त्याच वाहिन्या वाटून घेते, आणि त्यावर माझ्या घरात कोणताही उपाय नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांची लेक पुण्याला असते. पाऊस सुरू झाल्यापासून व्हिडिओ कॉलवर त्या लेकीला अडखळत दिसायच्या. "काल आपोआप सुधारलं गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरातल्या तारेला कोणी हातही लावला नव्हता.