फ्लॅट पडून आहेत, म्हणून बांधकाम बसलं?

‘एवढे फ्लॅट रिकामे, आता बांधकामाचं काही खरं नाही,’ हे वाक्य वर्षानुवर्षं कानावर येतंय. ते चूक आहे. घरांची खरेदी-विक्री आणि बांधकाम हे दोन वेगळे धंदे. जीडीपीच्या सरकारी तक्त्यातही त्यांचे रकाने वेगळे. जुना फ्लॅट विकला गेला, तर बांधकामाच्या रकान्यात त्याच्या किमतीचा रुपयाही पडत नाही. तो आकडा मुख्यतः सिमेंट, पोलाद, विटा यांच्या खपावरून काढतात, आणि हा माल पूल, धरण, मेट्रो, गावातली मोरी, सगळीकडे लागतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तिथलं काँक्रीट फ्लॅटविक्रीच्या कुठल्या आकड्यात दिसणार?

२०२४-२५ च्या तात्पुरत्या अंदाजात देशाचं बांधकाम क्षेत्र ९.४ टक्के वाढलं. त्याच वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाला ११.११ लाख कोटींची तरतूद होती.

म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. सरकारने हा खर्च आवरला, बिलं थकली, की सेंट्रिंगवाला आणि नाक्यावर उभा राहणारा मजूर आधी घरी बसतो. पुढचा अंदाज बांधताना म्हणूनच सिमेंटचा खप आणि निघणाऱ्या निविदा बघा. रिकाम्या खिडक्या मोजून तो कळणार नाही.