आयरिसचा निळा कंबरपट्टा

जेफ कुन्स या अमेरिकन कलावंताने 2013 मध्ये फर्नेसे हर्क्युलिस या प्राचीन मूर्तीची भलीथोरली प्रत प्लॅस्टरमध्ये घडवली. पांढरीशुभ्र, आणि तिच्यावर एक चकचकीत निळा काचेचा गोळा. त्याच्याही अर्धशतक आधी, 1962 मध्ये, फ्रान्सच्या इव्ह क्लाइनने बिनहातांच्या, बिनडोक्याच्या व्हीनसची प्लॅस्टरची प्रतिकृती अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगद्रव्याने नखशिखान्त निळी करून टाकली होती. दोन्ही कामांची गंमत एकाच गोष्टीवर उभी आहे: ग्रीक मूर्ती म्हणजे पांढरी. आपल्याकडे जेजे स्कूल ऑफ आर्टमध्येही पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी ग्रीक मूर्तींच्या पांढऱ्या प्रती समोर ठेवूनच छायाप्रकाश गिरवत आले.

पण ग्रीकांच्या लेखी पांढरी मूर्ती म्हणजे पेणहून निघालेली कच्ची मूर्ती. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. प्लिनी या रोमन लेखकाने एक किस्सा दिला आहे. ग्रीक शिल्पकार प्राक्सिटेलीसला कुणी विचारलं, तुझ्या संगमरवरी कामांपैकी तुला कुठली आवडतात? तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागला ती. निकियास हा चित्रकार होता.

मग रंग गेले कुठे? रंग धरून ठेवणारे अंडं, मेण यांसारखे पदार्थ ऊनपावसात टिकत नाहीत. उरलंसुरलं माणसांनी घासून काढलं. ब्रिटिश म्युझियममध्ये 1937-38 साली पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन देवळाची, काही शिल्पं अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या अवजारांनी खरवडली गेली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.

तरी सगळं गेलं नव्हतं. त्याच संग्रहालयात पार्थेनॉनवरची आयरिस ही ग्रीक देवी आहे. डोकं नाही, हात नाहीत, वाऱ्याने अंगाला चिकटलेलं वस्त्र तेवढं आहे. 2009 मध्ये जोव्हान्नी व्हेर्री या संशोधकाने तिच्या कंबरपट्ट्यावर निळा रंग शोधून काढला. डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नाही.

हा इजिप्शियन निळा. वाळू, चुना, तांबं आणि थोडा खार एकत्र करून भट्टीत 900 अंशांच्या आसपास भाजला की मिळणारा. खऱ्या निळ्या दगडाची, लाजवर्दाची, आयात अफगाणिस्तानातून. ती परवडेना म्हणून साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हा बनू लागला.

आता माझा आवडता भाग. या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती (विद्युतभार असलेल्या अणूभोवती) ऑक्सिजनचे चार अणू सपाट चौकोनात बसलेले असतात. लाल प्रकाश पडला की तांब्याचा इलेक्ट्रॉन तो गिळून वरच्या पायरीवर जातो. लाल गिळला जातो म्हणून तर आपल्याला रंग निळा दिसतो! वर गेलेला इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा स्फटिकाला उष्णतेच्या रूपात देऊन टाकतो आणि मग खाली येताना उरलेली ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. ऊर्जा कमी झाली, म्हणजे तरंगलांबी वाढली: आत गेला 630 नॅनोमीटरचा लाल, बाहेर आला 910 च्या आसपासचा अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. पण इथे क्वांटम नियम आडवा येतो. ही उडी एका डी-ऑर्बिटलमधून (ऑर्बिटल म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉनची जागा, डी हा तिचा एक प्रकार) दुसऱ्या डी-ऑर्बिटलमध्ये, आणि चौकोनाला मध्यबिंदूभोवती पूर्ण सममिती असल्यामुळे ती निषिद्ध. अणूंच्या कंपनांनी चौकोन जरासा वाकडा होतो, तेवढ्या फटीतून ती घडते. म्हणून इलेक्ट्रॉन वर सुमारे 100 मायक्रोसेकंद रेंगाळतो. नेहमीच्या चमकणाऱ्या रंगद्रव्यांत हे काम काही नॅनोसेकंदांत उरकतं. गिळलेल्या दहा फोटॉनांमागे, म्हणजे प्रकाशाच्या कणांमागे, साधारण एक परत मिळतो. अवरक्तात चमकणाऱ्या रंगद्रव्यासाठी हे प्रमाण फारच चांगलं, म्हणूनच एखादा कणही सापडतो.

उपकरणं साधीच. अंधाऱ्या खोलीत मूर्तीवर लाल एलईडी लावायचे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते, ती काढायची आणि लेन्सवर दिसणारा प्रकाश अडवणारा फिल्टर चढवायचा. (सेन्सरला अवरक्त दिसतो का, याची परीक्षा घरी होते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकेल.) फोटोत मूर्ती काळपट येते आणि निळ्याचे कण चांदण्यांसारखे चमकतात.

यावर ‘प्राचीन लोकांना अवरक्त किरण ठाऊक होते’ असा फॉरवर्ड येण्याआधीच सांगतो: नव्हते. त्यांना स्वस्तातला निळा हवा होता, बाकी सगळं तांब्याने परस्पर केलं.

जर्मनीत व्हिन्त्सेन्झ ब्रिंकमन आणि उलरिके कॉख-ब्रिंकमन यांनी अशा खुणांवरून रंगीत प्रतिकृती केल्या आणि 2003 पासून त्या जगभर फिरल्या. एजिना बेटावरच्या देवळातला त्यांचा तिरंदाज पाहा, चौकटीचौकटींच्या नक्षीची घट्ट विजार घातलेला. मला तो जरा भडकच वाटतो. कण सापडला तर रंगद्रव्य कुठलं ते कळतं. त्यावर छटा किती चढवल्या होत्या, हे कण सांगत नाही.

क्लाइनची निळी व्हीनस मात्र या परीक्षेत नापास. अल्ट्रामरीनचा निळा गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या जुडग्यांतून येतो, त्यात तांबं नाही. त्या लाल दिव्याखाली तिला आयरिसशेजारी उभं केलं, तर ती अंधारातच राहील आणि शेजारी एक पट्टा तेवढा चमकेल.