‘ब्लॅक लंग’चा पैसा: कामगाराला की दवाखान्याला?

कोळशाच्या धुळीमुळे खाणकामगारांची फुप्फुसे निकामी करणाऱ्या आजाराला अमेरिकेत ‘ब्लॅक लंग’ म्हणतात. या आजारासाठी तेथे ‘ब्लॅक लंग बेनिफिट्स प्रोग्राम’ आणि ‘ब्लॅक लंग क्लिनिक्स प्रोग्राम’ अशा दोन केंद्रीय योजना आहेत. नावांतील साम्यामुळे त्या सर्रास एकच समजल्या जातात. प्रत्यक्षात पहिलीचा पैसा कामगाराला मिळतो, तर दुसरीचा दवाखान्याला.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील फार्मिंग्टन येथील कोळसा खाणीत 1968 साली स्फोट होऊन 78 कामगार मरण पावले आणि त्यानंतर झालेल्या 1969 च्या कायद्याने भरपाईची, म्हणजे पहिल्या योजनेची, सुरुवात झाली. आज ही योजना श्रम खाते चालवते. ब्लॅक लंगमुळे आपले नेहमीचे खाणकाम करण्यास आपण पूर्णपणे असमर्थ झालो आहोत, असे कामगाराने सिद्ध केले की त्याला दरमहा रक्कम आणि फुप्फुसाच्या उपचारांचा खर्च मिळतो. हा भार सर्वसाधारणपणे, ज्या खाणमालकाकडे त्याने शेवटी किमान वर्षभर काम केले त्याच्यावर पडतो. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पैसे देणारे कोणी उरले नाही, तर याच भरपाईसाठी असलेला सरकारी न्यास निधी (ट्रस्ट फंड) पुढे येतो. भूमिगत खाणीतील कोळशावर टनामागे 1.10 डॉलर आणि खुल्या खाणीतील कोळशावर 55 सेंट, पण विक्रीकिमतीच्या 4.4 टक्क्यांहून अधिक नाही, असा कर या निधीत जमा होतो. 2019 मध्ये हे दर निम्म्याहून खाली आले होते. 2022 च्या कायद्याने वर दिलेले, म्हणजे पूर्वीचे चढे दर कायमस्वरूपी झाले.

दवाखान्यांची योजना आरोग्य खात्याच्या अखत्यारीत येते आणि तिला या कराचा एक सेंटही मिळत नाही. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) दरवर्षी मंजूर केलेल्या तरतुदीतून रुग्णालयांना आणि आरोग्य केंद्रांना अनुदान दिले जाते. तेथे जाण्यासाठी दावा मंजूर झालेला असावा लागत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवले जात नाही. तपासणी, उपचार आणि श्वसनाचे व्यायाम यांच्या जोडीला दाव्याची कागदपत्रे तयार करण्यासही मदत मिळते. माझ्या मते ही मदत औषधाइतकीच मोलाची आहे. नैर्ऋत्य व्हर्जिनियातील अशाच तीन दवाखान्यांच्या नोंदींतून 2013 ते 2017 या काळातील तीव्र स्वरूपाच्या आजाराचे 416 रुग्ण उजेडात आले होते.

न्यास निधी कर्जात बुडाल्याची बातमी वाचून ‘आता दवाखाने बंद पडणार’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे. दवाखान्यांना धोका असतो तो वार्षिक तरतूद कापली जाण्याचा. गोंधळाला थोडी जागा मात्र खरोखरच आहे. धाप लागते म्हणून दवाखान्यात आलेल्या कामगाराची पहिली तपासणी अनुदानाच्या आधारावर होऊ शकते. पुढे त्याने दावा दाखल केला की क्ष-किरण, श्वासचाचणी आणि रक्तातील वायूंची तपासणी, कदाचित त्याच डॉक्टरकडून, श्रम खात्यामार्फत विनामूल्य होते.