झाडाचे शास्त्रीय नाव आणि प्रचलित नाव

लोकांच्या बोलण्यात रुळलेले ते झाडाचे प्रचलित नाव. वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिलेले आणि सर्व भाषांत तेच राहणारे लॅटिन धाटणीचे नाव ते शास्त्रीय नाव.

या दोहोंत गल्लत झाली की काय होते, ते अशोकाच्या उदाहरणात पाहावे. कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या, नागमोडी कडांच्या लोंबत्या पानांच्या झाडाला सर्रास अशोक म्हणतात. ते मोनून लाँगिफोलियम. सीताफळाच्या कुलातले, फुले हिरवट. औषधी सीताअशोक म्हणजे साराका असोका. तो शेंगा धरणाऱ्या कुलातला, त्याची पाने संयुक्त आणि फुलांचे झुबके नारिंगी-लाल. ही दोन्ही कुले एकमेकांपासून बरीच लांबची. तरीही सीताअशोकाच्या सालीत पहिल्या झाडाच्या सालीची भेसळ होते, आणि साल वाळून तुकडे झाले की नुसत्या नजरेने ती ओळखणे कठीण जाते. औषधी वनस्पतींच्या नोंदीत म्हणूनच शास्त्रीय नावाचा आग्रह धरायलाच हवा.

शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते: पहिला प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या गटातल्या नेमक्या जातीचा. आंबा म्हणजे मँजिफेरा इंडिका. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअसच्या १७५३ सालच्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथापासून वनस्पतींची ही नावे ग्राह्य धरतात. प्रत्येक जातीच्या नावामागे एक प्ररूप नमुना असतो. बहुधा दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवलेली एखादी फांदी. वाद झाला तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो. प्रचलित नावाला असा आधार नसतो. पण त्या झाडाविषयीची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती त्याच नावाने सांगितली जाते, त्यामुळे क्षेत्रीय अभ्यासात स्थानिक नाव टिपून न ठेवणे ही मोठीच हानी.

शास्त्रीय नावही कायमचे नसते. वर्गीकरण सुधारले की ते बदलते. बाभूळ पूर्वी अकॅशिया निलोटिका होती. २००५ साली व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत अकॅशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील जातींच्या गटाला राखून ठेवण्याचे ठरले. बाभूळ वॅचेलिया या प्रजातीत गेली आणि खैर सेनेगॅलियात. मात्र नाव चुकीचा अर्थ सांगते एवढ्या कारणाने ते बदलता येत नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली, तरी तिचे शास्त्रीय नाव आजही टॅमरिंडस इंडिका, म्हणजे ‘भारतीय’ असेच आहे.