पानाचा पत्ता, मग शोधणाऱ्याचा

शोधाची उत्तरे शहरवार, भागवार लावून द्यायची कल्पना मोबाइलमधल्या नकाशांपेक्षा जुनी आहे. नव्वदच्या दशकातली याहू ही मुळात माणसांनी हाताने लावलेली वेबसाइटांची यादी, आणि तिच्यात देश, राज्य, शहर अशा उतरंडीचा विभाग होता. वेब वाढत गेले तसे हे हाताचे काम आवरेना.

२००२ मध्ये गूगलने सुमारे नऊ लाख वेबपाने पुढ्यात टाकून प्रोग्रामिंगची स्पर्धा घेतली. १० हजार डॉलरचे बक्षीस डॅनियल एग्नोर यांना मिळाले. त्यांनी पानांतून टपालाचे पत्ते वेचले, त्यांचे अक्षांश-रेखांश काढले आणि त्यांची वेगळी सूची बांधली. आता शब्द आणि परिसर या दोन्हींनी एकदम शोधता येऊ लागले. २००४ मध्ये भागातली दुकाने-सेवा शोधून देणारे गूगल लोकल आले, २००५ मध्ये गूगल मॅप्स.

अमेरिकेत हे जमले ते तिथल्या पत्त्यांच्या शिस्तीमुळे. जनगणना खात्याच्या नकाशांत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर कुठल्या बाजूला कुठले घरक्रमांक, हे नोंदलेले असते. एका बाजूला १०१ ते १९९ असतील तर १५१ साधारण मधोमध येणार. 'मारुतीच्या देवळासमोर, गिरणीच्या वर' या पत्त्याचे असे गणित कसे मांडणार? गूगललाही भारतात २००९ पासून वाट सांगताना अशा खुणांचाच आधार घ्यावा लागला.

सारख्या नावांचा घोळ तर आपल्या टपाल खात्याने कधीच भोगला होता. त्यावरचा तोडगा म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर यांचा पिनकोड, १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. औरंगाबाद आपले असेल तर ४३१००१, बिहारमधले असेल तर ८२४१०१. पहिल्याच आकड्यावर गठ्ठे वेगळे. (आपल्या औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये बदलले, जुनी वेबपाने मात्र तशीच आहेत.) शोधताना पिनकोड कोण लिहितो? शिवाय कराड हे गावही आहे आणि आडनावही. २००४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी वेब-अ-व्हेअर ही प्रणाली मांडली, ती नेमक्या या दोन गोंधळांवर: एका नावाची अनेक ठिकाणे, आणि ठिकाणाचे नसलेले नाव.

स्मार्टफोन आले आणि प्रश्नच फिरला. पान कुठले, यापेक्षा शोधणारा कुठे उभा आहे, याला वजन आले. २०१५ मध्ये गूगलने जवळच्या दुकाने-सेवांची उत्तरे दाखवणारी चौकट सात नावांवरून तीनवर आणली. दुकानदारांची त्या तीन जागांसाठी झुंबड उडाली. भागवार लावलेली यादी निवांत चाळायची सोय मात्र मागे पडली, आणि माझ्या मते ती जास्त कामाची होती.