अपडेट आलं, बॅटरी आटली

2025च्या जानेवारीत गूगलचा पिक्सेल 4ए वापरणाऱ्यांच्या फोनवर एक अपडेट आपोआप उतरलं. फोन तेव्हा साडेचार वर्षांचा झाला होता. त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट 2023मध्येच थांबली होती, त्यामुळे नवं काही येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. फोन रीस्टार्ट झाला आणि त्या दिवसापासून अनेकांची बॅटरी भराभर उतरू लागली. सकाळी शंभर टक्के चार्ज करून बाहेर पडावं, तर दुपारपर्यंत चार्जर शोधायची वेळ.

भारतात हा फोन ऑक्टोबर 2020मध्ये फ्लिपकार्टवर आला होता, किंमत 31,999 रुपये. हातात मावणारा आकार आणि किमतीच्या मानाने फारच चांगला कॅमेरा, म्हणून लोकांनी तो जपून वापरला. अशा, नीट चालणाऱ्या फोनची ही गत झाली याचा राग जास्त होता. काही ठरावीक फोनमधल्या बॅटरीची कामगिरी 'स्थिर' करण्यासाठी हे अपडेट आहे, त्यामुळे बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी होईल, एवढं गूगलने कळवलं. ज्यांचे फोन या यादीत होते त्यांच्यापुढे पर्याय ठेवले: मोफत नवी बॅटरी, 50 डॉलर, किंवा नवा पिक्सेल घेताना 100 डॉलरची सूट. पण बॅटरीत नेमका दोष काय, हे त्या निवेदनात नव्हतं.

सॉफ्टवेअर बॅटरी लहान कशी करू शकतं? बॅटरी तर हाताला लागणारी वस्तू आहे, ती अपडेटने कशी आटेल? हे समजून घ्यायला बॅटरीच्या आत डोकवावं लागतं.

दुरुस्तीवाल्याने फोनची काच उचलली की आत एक चपटं चंदेरी पाकीट दिसतं. त्याच्या एका कडेला टेपखाली सर्किटची अरुंद पट्टी असते, तिच्यातून निघालेली केबल मदरबोर्डला जोडलेली असते. पाकिटाच्या आत दोन लांब पट्ट्या घड्या घालून किंवा गुंडाळून बसवलेल्या असतात. एक तांब्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा काळा थर. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा थर. दोघींच्या मधे सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, केसापेक्षाही कितीतरी पातळ. हे सगळं एका सेंद्रिय द्रावणात भिजलेलं असतं आणि ते द्रावण पेट घेऊ शकतं. 1991मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीपासून ही मूळ रचना फारशी बदललेली नाही. तिच्या पायाभूत कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या शास्त्रज्ञांना 2019चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चार्जिंग लावलं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, कोबाल्टच्या थरातून निघतात, पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरतात. जितके जास्त आयन तिकडे गेले तितकी बॅटरीची व्होल्टेज चढते. आता कळीचा मुद्दा: बॅटरी 'भरली' कधी म्हणायची, हे निसर्गाने ठरवून दिलेलं नाही, इंजिनिअर ठरवतो. पूर्वी 4.2 व्होल्टला भरली म्हणायचे. आजच्या अनेक फोनमध्ये ती 4.4 व्होल्टच्याही वर नेतात, कारण कोबाल्टच्या थरातून आणखी लिथियम काढून घेता येतं आणि जाहिरातीत जास्त एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) लिहिता येतात. त्याची किंमत असते. फार लिथियम काढलं तर थराची रचनाच ढासळू लागते, द्रावणाचं विघटन होऊन वायू तयार होतो, बॅटरी फुगते. ग्रॅफाइटच्या बाजूला लिथियम आत न शिरता वरच धातू म्हणून साचलं तर त्याचे काटे उगवतात. एखादा काटा पडदा भेदून पलीकडे टेकला की शॉर्ट सर्किट. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, त्या क्रियेने आणखी उष्णता, आणि मग ती साखळी थांबवणं हाताबाहेर जातं.

म्हणून एखाद्या बॅटरीबद्दल शंका आली की फोन उघडल्याशिवाय करता येण्यासारखा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे वरची मर्यादा खाली आणणं. पिक्सेल 4एच्या नव्या सॉफ्टवेअरची चिरफाड करणाऱ्या जाणकारांना तेच सापडलं: एका विशिष्ट प्रकारच्या बॅटरीसाठी चार्जिंगची कमाल व्होल्टेज सुमारे 4.44वरून 3.95वर आणली होती. अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण अशी बॅटरी पूर्ण उतरते तेव्हाही तिच्यात तीन-सव्वातीन व्होल्ट शिल्लक असतात. कामाचा सगळा पल्ला जेमतेम सव्वा व्होल्टचा, आणि त्यातला वरचा अर्धा व्होल्ट गेला. 3,140 एमएएचच्या त्या बॅटरीतलं बरंचसं लिथियम आता जागचं हलतच नव्हतं.

पडद्यावर मात्र 100 टक्केच दिसत होतं. टक्केवारी हा सॉफ्टवेअरने केलेला हिशेब असतो, त्याने ठरवलेल्या खालच्या आणि वरच्या मर्यादेमधला. वरची मर्यादा खाली आली की शंभराचा अर्थही खाली येतो. वापरणाऱ्याला हे कळायला फोनवर काहीच मार्ग नाही. म्हणून तो चार्जर बदलतो, केबल बदलतो, ॲप काढून टाकतो, फोन फॅक्टरी रीसेट करतो. शेवटी आपणच काहीतरी चुकीचं वापरतोय असं त्याला वाटायला लागतं. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. उपाय कदाचित योग्यही असेल, पण कारण सांगितलं नाही की माणूस चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतो.

हेच याआधी आयफोनच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. 2016च्या अखेरीस आयफोन 6 आणि 6एस अचानक बंद पडू लागले. बॅटरी तीस-चाळीस टक्के दाखवत असायची आणि कॅमेरा उघडताच फोन काळा पडायचा. कारण बॅटरीच्या अंतर्गत रोधात, म्हणजे करंटला आतून होणाऱ्या अडथळ्यात होतं. बॅटरी जुनी होते तशी तिच्या आतल्या पृष्ठभागांवर थर साचत जातात, आयनांना वाट काढणं जड जातं. रोध वाढला की जास्त करंट मागितल्याबरोबर व्होल्टेज खाली बसते. समजा प्रोसेसर आणि कॅमेरा मिळून क्षणभर 3 अँपिअर मागतात. नव्या बॅटरीचा रोध 0.1 ओहम धरला तर व्होल्टेज 0.3ने घसरेल, काही बिघडत नाही. जुन्या बॅटरीचा रोध 0.25 ओहम झाला असेल तर घसरण पाऊण व्होल्टची. 3.7 व्होल्टवरची बॅटरी क्षणात तीनच्या खाली, आणि तेवढ्या व्होल्टेजवर फोनचे चिप चालत नाहीत. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून हिमाचलात फिरायला गेलेल्यांचे फोन बर्फाचे फोटो काढतानाच बंद पडतात. टाकीत पाणी आहे, पण नळाला गंज चढलाय, असा तो प्रकार.

ॲपलने जानेवारी 2017मध्ये आयओएस 10.2.1 हे आयफोनच्या प्रणालीचं अपडेट आणलं. बॅटरी थकलेली दिसली की प्रोसेसरचा वेग ऐन जोराच्या क्षणी दाबायचा, म्हणजे तो एवढा करंट मागणारच नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय चोख होता, आणि फोन बंद पडण्याचं प्रमाण खरंच खूप घटलं. पण फोन स्लो का झाला हे वापरणाऱ्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितलं नाही. जवळजवळ वर्षभर लोक म्हणत राहिले की अपडेटनंतर फोन रखडतोय, आणि त्यांना उत्तर मिळायचं की तुमचा फोन जुना झालाय. डिसेंबर 2017मध्ये बॅटरी बदलल्यावर फोन पुन्हा पूर्वीसारखा पळू लागल्याचं एका वापरकर्त्याने आकड्यांसह दाखवलं. त्यानंतर गीकबेंच ही वेग मोजणारी चाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी त्यांच्याकडे जमलेले हजारो निकाल आलेखावर मांडले. एकाच मॉडेलच्या फोनचे वेग एका टेकडीऐवजी अनेक वेगवेगळ्या टेकड्यांमध्ये विभागलेले दिसले. नैसर्गिक झीज असती तर असे ठळक टप्पे पडले नसते, ते सॉफ्टवेअरच पाडू शकतं. दोनच दिवसांत ॲपलने कबुली दिली, महिनाअखेरीस माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. मार्च 2018च्या आयओएस 11.3मध्ये 'बॅटरी हेल्थ'ची नोंद सेटिंगमध्ये दिसू लागली. फ्रान्सने 2020मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोचा दंड केला, तो वेग कमी केल्याबद्दल नव्हे, ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या खटल्यात कमाल 50 कोटी डॉलरची तडजोड झाली. तोवर कितीतरी लोकांनी 29 डॉलरच्या बॅटरीने भागलं असतं तिथे शेकडो डॉलरचा नवा फोन घेतलेला होता.

उलटं उदाहरणही आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 ऑगस्ट 2016मध्ये बाजारात आला आणि पेट घेऊ लागला. भारतात तो विक्रीलाच आला नाही. कंपनीने सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या फोनना चार्जिंग 60 टक्क्यांवर थांबवणारं अपडेट पाठवलं, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत उरलेल्या फोनचं चार्जिंगच पूर्ण बंद करणारं. व्हेरायझन या मोबाईल सेवा कंपनीने सुरुवातीला ते पाठवायला नकार दिला. सणाच्या दिवसांत प्रवासात असलेल्या माणसाचा एकमेव फोन बंद पडला तर संकटात तो कोणाला फोन करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्रास इथेही झाला, पण का होतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. पुढे जानेवारी 2017मध्ये सॅमसंगने दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमधले दोन वेगळे दोष जाहीरपणे मांडले: एकीत पाकिटाचा कोपरा आतल्या पट्ट्यांना दाबत होता, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. गूगलनेही जुलै 2025मध्ये पिक्सेल 6एची क्षमता 400 चार्जिंग चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे पूर्ण बॅटरीइतका एकदा वापर) घटवताना बॅटरी तापण्याचा धोका आहे हे मोकळेपणाने सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी 4एच्या लोकांना तेवढंच हवं होतं.

मग जुनं सॉफ्टवेअर परत का टाकता येत नाही? फोन सुरू होताना तो सॉफ्टवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासतो आणि त्याच्या आवृत्तीचा एक क्रमांक सुरक्षित जागी जपलेला असतो, त्याहून जुनी आवृत्ती आली तर तो ती नाकारू शकतो. चोराने फोन जुन्या, भोकं असलेल्या आवृत्तीवर नेऊन कुलूप उघडू नये यासाठी ही तजवीज आहे आणि ती हवीच. पिक्सेलमध्ये मात्र जाणकारांना जुनी आवृत्ती उतरवून घालण्याची मुभा असायची. 4एच्या बाबतीत गूगलने त्या जुन्या फाइलीच साइटवरून काढून टाकल्या.

अपडेटनंतर बॅटरी उतरते म्हणजे दर वेळी असंच काही असतं, असं मात्र नाही. मोठं अपडेट झालं की फोन पहिले एक-दोन दिवस सगळी ॲप नव्या प्रणालीसाठी पुन्हा तयार करतो, फोटोंची यादी नव्याने बांधतो. तेवढा वेळ तो गरम होतो आणि बॅटरी खातो. तीन-चार दिवसांनीही फरक पडला नाही तर सेटिंगमध्ये कोणतं ॲप किती बॅटरी खातंय ते बघा. एकच ॲप वर दिसलं तर दोष त्याचा. सगळं नेहमीसारखं असून एकूण टिकणारा वेळच घटला असेल तर आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काही कार्यक्रम जाहीर केलाय का ते शोधा. अशा कार्यक्रमांना मुदत असते, 4एसाठी ती एक वर्षाची होती. आणि फोनची पाठ किंवा काच वर उचललेली दिसली, तर टक्केवारी कितीही असो, चार्जिंग लगेच थांबवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर तापत ठेवलेल्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होते, कारण वर सांगितलेल्या सगळ्या क्रिया उष्णतेने वेग घेतात.

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथल्या तक्रारी वाया जात नाहीत. आयओएस 18च्या अपडेटनंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी या हेल्पलाइनकडे आल्या आणि जानेवारी 2025मध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवली. युरोपात 20 जून 2025पासून फोनच्या बॅटरीने 800 चार्जिंग चक्रांनंतरही किमान 80 टक्के क्षमता राखलीच पाहिजे असा नियम आहे, आणि विकताना जाहीर केलेले गुण अपडेटमुळे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय घसरता कामा नयेत हेही त्या नियमांत आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने 2025मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा आराखडा दिला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, लागणारी हत्यारं यांच्याबरोबर सॉफ्टवेअर अपडेटलाही त्यात गुण आहेत. हे गुण देताना अपडेट किती वर्षं मिळतात याच्याबरोबरच बॅटरीच्या मर्यादेला हात लावणाऱ्या प्रत्येक अपडेटचं कारण, आधीची आणि नंतरची क्षमता फोनच्या पडद्यावर, मराठीसह ग्राहकाच्या भाषेत दाखवली जाते का, हेही मोजलं जावं.