उष्टी हवा

दुसऱ्याचं उष्टं आपण सहसा खात नाही. पण दारं-खिडक्या लावून चाळीस मुलं वर्गात बसली, की प्रत्येक जण दुसऱ्याची उष्टी हवा घेत असतो. किती, ते मोजताही येतं. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो दहा लाख भागांत सुमारे ४०,०००. मोकळ्या हवेत जेमतेम ४२०. वर्गातल्या मीटरने १,६२० दाखवले, तर वरचे १,२०० मुलांच्याच फुप्फुसांतून आलेले. म्हणजे प्रत्येक श्वासातली तीन टक्के हवा आधी कुणीतरी घेऊन सोडलेली.

वर्गातल्या एखाद्याला कोविड असेल, तर विषाणू असलेले बारीक तुषार त्याच हवेत बराच वेळ तरंगत राहतात. अंगणात ते वाऱ्यावर विरून जातात. ऊन कडक असेल, तर बरेचसे विषाणू काही मिनिटांत निकामीही होतात. टाळेबंदीनंतर आपण बाक पुसण्यावर जेवढा जीव टाकला, त्याच्या निम्मा तरी हवेवर टाकायला हवा होता. याची मला आजही हळहळ वाटते, कारण हा धडा नवा नव्हताच.

जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला, पण त्यावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती यायला १९४३ उजाडलं. मधल्या काळात डॉक्टरांकडे देण्यासारखं होतं ते चौरस अन्न, विश्रांती आणि हवा. म्हणून १९०४ मध्ये बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गला अशक्त मुलांची शाळा थेट जंगलात भरली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला एलेन स्टोन आणि मेरी पॅकार्ड या दोन डॉक्टर बाईंनी जुन्या शाळेची एक अख्खी बाजू खिडक्यांची करून घेतली. या खिडक्या भर थंडीतही उघड्याच असायच्या. मुलं जाड पिशव्यांत छातीपर्यंत शिरून बसायची, पायाशी तापवलेला दगड असायचा. त्या गारठ्यात अभ्यास चालायचा!

बाहेर बसलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन गप्पा मारल्या, तर तुषार विरायच्या आधीच समोरच्यापर्यंत पोचतात. आणि मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री लावली, की त्याची पुन्हा खोलीच होते.

सोलापूरच्या नीलमनगरात २०२० मध्ये शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, ती मुलं मास्क लावून गल्लीत यायची आणि अंतर राखून भिंतीसमोर उभी राहून वाचायची.